अनोळखी माणसाने पैसे मागितले तर: द्यायचे की नाही, हे ठरवण्याची रीत

गोव्यात अनोळखी माणसाचा हात आपल्यापुढे येण्याच्या जागा बहुतेकांच्या ओळखीच्या आहेत. पणजीचे कदंब बसस्थानक, मडगावचे रेल्वे स्थानक, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) आसपासची औषधांची दुकाने, मंगेशी आणि म्हार्दोळच्या देवळांचे आवार, डिसेंबरात जुन्या गोव्याचे फेस्त (ख्रिस्ती उत्सव), आणि कळंगुटपासून कोलव्यापर्यंतचे किनारे. तेथे मागणारेही एका प्रकारचे नसतात. भुकेलेली म्हातारी असते, पाकीट मारले गेल्याचे सांगणारा प्रवासी असतो, औषधाची चिठ्ठी हातात धरलेला रुग्णाचा भाऊ असतो, फुगे विकता विकता हात पुढे करणारे मूल असते, ठेकेदाराने पगार न देता वाऱ्यावर सोडलेला कामगार असतो, आणि यांपैकी एखाद्याचे सोंग घेतलेला माणूसही असतो.

आपण अशा वेळी बहुधा दोनच प्रकारे वागतो. एक तर पिच्छा सुटावा म्हणून हाताला लागेल ती नोट देऊन पुढे जातो, नाही तर ‘हे सगळे असलेच’ असे म्हणून नजर चुकवतो. दोन्ही वागण्यांच्या मुळाशी एकच खटाटोप असतो: समोरचा माणूस खरा की खोटा, हे उभ्या उभ्या ओळखण्याचा. तो खटाटोप सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते. माणसाचा खरेखोटेपणा ठरवणे आपल्या हातात नसते. पण त्याने सांगितलेली गरज कोणती, ती पैशाने भागेल की दुसऱ्या कशाने, आणि त्यात आपला वाटा किती असावा, हे ठरवणे आपल्या हातात असते. त्यातले बरेचसे तर घराबाहेर पडण्यापूर्वीच ठरवून ठेवता येते.

आधी घरात रक्कम ठरवा

महिन्याच्या सुरुवातीला, घरखर्चाची मांडणी करताना, अनोळखी माणसांसाठी एक रक्कम बाजूला काढावी. ती किती असावी हे ज्याचे त्याने ठरवावे, परंतु ती अशी असावी की सगळीच्या सगळी फसवणुकीत गेली तरी घरातल्या कोणाच्या औषधाला किंवा फीला धक्का लागू नये. घरात दोघे कमावणारे असतील तर दोघांनी मिळून ठरवावे, म्हणजे नंतर ‘कोणाला आणि कशाला दिलेस’ यावरून वाद होत नाहीत. या रकमेचा अर्धा भाग रस्त्यावर हातोहात देण्यासाठी ठेवावा आणि उरलेला अर्धा वर्षभर नेटाने काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला द्यावा, असा माझा सल्ला आहे. रस्त्यावरच्या मदतीने आजची वेळ निभावते, पण निवारा, उपचार आणि घरी परतण्याची व्यवस्था संस्थाच करू शकते.

हातोहात द्यायचे पैसे दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत, पाकिटापासून वेगळ्या खिशात ठेवावेत. गर्दीच्या स्थानकावर पाकीट उघडून नोटा चाळत उभे राहणे सुरक्षित नाही आणि शोभतही नाही. मागणाऱ्याची नजर साहजिकच मोठ्या नोटेवर जाते आणि दोघांनाही अवघडल्यासारखे होते.

त्याबरोबरच एक वरची मर्यादा ठरवून ठेवावी. समजा ती ५०० रुपये आहे. मग त्याहून मोठ्या रकमेची मागणी आली तर त्याच क्षणी निर्णय घ्यायचा नाही, घरच्यांशी किंवा एखाद्या जाणत्या माणसाशी बोलल्याशिवाय द्यायचे नाही, असा दंडक असावा. मोठी रक्कम खरोखर हवी असलेली गरज काही तास थांबू शकते, कारण तिच्यामागे रुग्णालय, शाळा, बँक किंवा घरमालक असा कोणीतरी असतो आणि त्याच्याशी बोलता येते. ‘आत्ताच्या आत्ता, कोणाला न विचारता’ असा धोशा मात्र फसवणाऱ्याला सोयीचा असतो.

थांबायचे की नाही, हे पहिल्यांदा पाहा

ऐकून घेण्यासाठी थांबणे हे आपले कर्तव्य नाही. रात्रीची वेळ, निर्जन रस्ता, महामार्गावर दुचाकीला हात करणारा घोळका, ‘जरा इकडे आडोशाला या’ असे म्हणणारा माणूस, यांपैकी काहीही असेल तर न थांबता पुढे जावे आणि खरोखर कोणी अडचणीत आहे असे वाटले तर पुढे गेल्यावर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. एकट्या बाईने तर याबाबत मनात कोणतीही टोचणी ठेवू नये. कोणी फोन करायला मागितला तर आपला फोन त्याच्या हाती देऊ नये. क्रमांक विचारून आपणच लावावा आणि स्पीकरवर बोलू द्यावे.

अपघाताची गोष्ट वेगळी आहे. तेथे पैशाचा प्रश्नच येत नाही; १०८ ला फोन करणे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबणे हीच मदत असते. पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती अजून अनेकांच्या मनात आहे, पण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४अ मुळे चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण मिळाले आहे, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

दोन प्रश्न विचारा, उलटतपासणी करू नका

थांबलात तर दोन साधे प्रश्न पुरतात: ‘तुम्ही कुठून आलात?’ आणि ‘आत्ता नक्की काय हवे आहे?’ हे प्रश्न खोटे पकडण्यासाठी नसून गरज नेमकी कळावी यासाठी आहेत. ‘मदत करा’ याला उत्तर देणे अवघड असते. ‘सावंतवाडीपर्यंतचे भाडे हवे आहे’ किंवा ‘दोन दिवसांची गोळी हवी आहे’ याला उत्तर देता येते.

येथे काही समजुती बाजूला ठेवाव्या लागतात. स्वच्छ कपडे हा खोटेपणाचा पुरावा नाही. गेल्या आठवड्यात नोकरी गेलेल्या माणसाचे कपडे स्वच्छच असतात. हातात मोबाइल असणे हाही पुरावा नाही, कारण मजुराला काम त्या मोबाइलवरच मिळते. हकिकत अडखळत सांगितली म्हणून ती बनावट ठरत नाही. लाजेने आणि भुकेने माणूस अडखळतो, तर रोज तीच हकिकत सांगणाऱ्याची जीभ मात्र सराईत होते.

लक्ष द्यायचे ते वेगळ्या गोष्टींकडे. सांगितलेली वस्तू देऊ केल्यावर ‘ती नको, पैसेच द्या’ असा हट्ट होत आहे का, रक्कम बोलता बोलता वाढत आहे का, आधार कार्डाचा फोटो किंवा पिन मागितला जात आहे का, आणि थोड्या अंतरावर उभे राहून कोणी लक्ष ठेवून आहे का, हे पाहावे. यांतही पहिल्या खुणेबाबत सबुरी हवी. एखाद्या बाईला सॅनिटरी पॅड घ्यायचे असतात आणि ते परक्या पुरुषाला सांगणे तिला शक्य नसते. एखाद्याला शौचालयाचे आणि आंघोळीचे पैसे द्यायचे असतात. म्हणून वस्तू नाकारली तर एकदम दोष देऊ नये. ठरवलेली लहान नोट द्यावी आणि विषय संपवावा.

भूक

भुकेचा निर्णय सर्वांत सोपा आहे. जवळच्या गाड्यावर किंवा हॉटेलात नेऊन ‘काय खाणार?’ असे विचारावे आणि पैसे थेट गल्ल्यावर द्यावेत. भाजी-पाव आणि चहा, किंवा दुपार असेल तर शीत-कढीचे ताट, हे कोठेही मिळते. त्याने काय खावे हे आपण ठरवू नये, उरलेसुरले देऊ नये, आणि खातानाचा फोटो तर मुळीच काढू नये.

देवळाच्या पायरीवर रोज दिसणाऱ्या वृद्धाला रोख दहा-वीस रुपये द्यावेत की नाही, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. मी द्यावेत या मताचा आहे. त्याला गोळी घ्यायची असेल, चप्पल सांधायची असेल, गावाकडे फोन करायचा असेल; त्याची नड त्याला आपल्यापेक्षा अधिक चांगली कळते. दारूच्या नशेत असलेल्या माणसाला मात्र रोख न देता खायला द्यावे.

परतीचे भाडे

‘पाकीट मारले, गावी जायला पैसे नाहीत’ ही गोव्यातली सर्वांत नेहमीची हकिकत आहे, आणि ती खरीही असते. पर्यटकांच्या आणि कामगारांच्या या प्रदेशात रोज कोणाचे ना कोणाचे पाकीट जातेच. येथे नियम एकच आहे: पैसे प्रवासाच्या खिडकीवर द्यावेत, हातावर नव्हे. राज्यातल्या राज्यात जायचे असेल तर त्या गाडीपर्यंत जाऊन कंडक्टरला ठिकाण सांगून तिकीट काढावे. बेळगाव, कारवार किंवा सावंतवाडीकडे जायचे असेल तरी तीच रीत चालते. रेल्वेने दूर जायचे असेल तर मडगाव, करमळी किंवा थिवीच्या खिडकीवर अनारक्षित डब्याचे तिकीट काढून द्यावे. त्याचे भाडे आरक्षित तिकिटाच्या मानाने बरेच कमी असते, त्यामुळे मोठ्या अंतराचा खर्चही अनेकदा आपल्या मर्यादेत बसतो. बरोबर पाण्याची बाटली आणि पाव घेऊन दिले तर त्या माणसाची रात्र निभावते.

तो तिकीट परत करून पैसे घेणार नाही कशावरून, ही शंका रास्त आहे. अनारक्षित तिकीट ठरावीक मुदतीत रद्द करून थोडी कपात सोसून परतावा घेता येतो. पण त्यासाठी त्याच्यावर पाळत ठेवत फलाटावर थांबू नये. आपण सांगितलेल्या गरजेला योग्य जागी पैसे दिले. पुढचे त्याच्यावर सोडावे. मागणारा लहान मुलगा, घाबरलेली एकटी तरुणी किंवा वाट चुकलेला वृद्ध असेल तर मात्र नुसते तिकीट काढून देणे धोक्याचे आहे. तेथे स्थानकावरील रेल्वे पोलिसांना कळवावे, किंवा १३९ या रेल्वे मदत क्रमांकावर फोन करावा. स्त्रियांसाठी १८१ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांकही आहेत.

पर्यटक काही वेळा रोख मागतात आणि ‘तुम्हाला लगेच ऑनलाइन पाठवतो’ असे म्हणतात. त्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर दिसणारी हिरवी खूण ग्राह्य धरू नये. आपल्या स्वतःच्या बँक खात्यात रक्कम जमा झालेली दिसली तरच रोख द्यावी.

औषध आणि रुग्णालय

या भागावर थोडे अधिक थांबायला हवे, कारण येथे गरज खरी असण्याची शक्यता मोठी असते, रक्कम मोठी असते आणि मदतीचे मार्गही पुष्कळ असतात, पण मागणाऱ्यालाच ते माहीत नसतात.

गोमेकॉत गोव्याबाहेरचे रुग्णही मोठ्या संख्येने येतात: दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळपासून कारवारपर्यंतचे. गोव्यातील रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. तिच्यात तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख रुपयांचे, आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण मिळते. बाहेरून आलेल्या रुग्णांना मात्र २०१८ पासून गोमेकॉत शुल्क भरावे लागते. म्हणजे बांबोळीच्या फाटकाबाहेर औषधाची चिठ्ठी घेऊन उभा असलेला कुडाळकडचा माणूस पैशाच्या अडचणीत असणे हे अगदी संभवते.

समजा, पन्नाशीचा एक माणूस औषधाच्या दुकानापाशी तुमच्याजवळ येतो. हातातली चिठ्ठी घामाने मऊ झालेली आहे. तो म्हणतो, ‘दादा, भावाक आत ठेवलाहा. ह्या औषध बाहेरसून आणूक सांगितल्यानी. पैशे कमी पडतत.’ त्याला पैसे मोजून देण्याऐवजी म्हणावे, ‘चला काका, दुकानात विचारू या.’ चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, वॉर्ड आणि तारीख आहे का हे पाहावे. तारीख आजची किंवा कालची असावी. महिन्यापूर्वीची झिजलेली चिठ्ठी असेल तर ‘नवीन चिठ्ठी घेऊन या, मी येथेच थांबतो’ असे सौम्यपणे सांगावे. मग दुकानदाराला विचारावे की या यादीतले आज लगेच लागणारे औषध कोणते, आणि त्याच गुणाचे स्वस्त जेनेरिक औषध मिळेल का. पाच औषधांची यादी असली तरी आज रात्रीसाठी त्यातली दोनच लागतात, असे बऱ्याचदा निघते. दुकानदार कात्रीने पट्टी कापून मोजक्या गोळ्या देतो, रुग्णाच्या नावाने बिल करतो आणि पैसे तुम्ही देता. कापलेली पट्टी दुकानदार सहसा परत घेत नाही, त्यामुळे औषध घेऊन पुन्हा विकण्याचा प्रकारही आपोआप टळतो, आणि कोणाला ‘तू खोटा आहेस’ असे म्हणावेही लागत नाही.

यानंतर आणखी पाच मिनिटे दिलीत तर ती पैशाहून मोलाची ठरतील. त्याला रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे जायला सांगावे, शक्य असल्यास बरोबर जाऊन गाठ घालून द्यावी. शुल्क भरणे शक्य नसेल तर काय करता येईल, महाराष्ट्रातील रुग्णाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा किंवा आयुष्मान कार्डाचा उपयोग होईल का, कोणती धर्मादाय संस्था मदत करते, याची माहिती त्या व्यक्तीकडे असते. रेशन कार्ड आणि आधार गावाहून मागवून घेण्याची आठवणही करून द्यावी, कारण कागदाअभावी अडकलेले काम शंभर जणांच्या दहा-दहा रुपयांनी सुटत नाही.

शस्त्रक्रियेसाठी हजारो किंवा लाखो रुपयांची मागणी असेल तर रस्त्यावर काहीही कबूल करू नये. रुग्णाचे नाव, रुग्णालय आणि विभाग लिहून घ्यावा, दुसऱ्या दिवशी रुग्णालयात जाऊन अंदाजपत्रक पाहावे, आणि द्यायचे ठरले तर रक्कम रुग्णालयाच्या खात्यात रुग्णाच्या नावे भरून पावती घ्यावी. मोबाइलवर फिरणाऱ्या आवाहनांनाही हीच कसोटी लावावी. त्यांतली कित्येक आवाहने रुग्ण बरा झाल्यावर किंवा दगावल्यावरही वर्षानुवर्षे फिरत राहतात, आणि काहींमध्ये फोटो एकाचा व खाते दुसऱ्याचे असते. ‘रक्त विकत घ्यायचे आहे’ असे कोणी सांगितले तर पैसे देऊ नयेत. रक्ताच्या विक्रीला देशात बंदी आहे. रक्तपेढीत जाऊन स्वतः रक्तदान करणे किंवा दाता शोधून देणे हीच तेथली मदत.

मुले

मुलाच्या हातावर पैसे ठेवू नयेत. हे लिहिताना मला जड जाते, कारण मिरामारला रात्री नऊ वाजता फुगे घेऊन फिरणाऱ्या मुलीला नाही म्हणणे कोणालाच सोपे नाही. पण मुलाने मागितल्यावर अधिक पैसे मिळतात, हेच त्या मुलाला शाळेऐवजी रस्त्यावर ठेवण्याचे कारण होते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७६ नुसार भीक मागण्यासाठी मुलाचा वापर करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि त्यासाठी मुलाला अपंग केले तर शिक्षा सात ते दहा वर्षांची आहे. गोव्याचा स्वतःचा बाल कायदाही २००३ पासून आहे.

मुलाला खायला द्यावे, तेही समोर बसवून, कारण बांधून दिलेला पुडा मोठ्याच्या हातात जातो. मग १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करून ठिकाण, वेळ, अंदाजे वय, बरोबर कोण आहे, एवढे सांगावे. एका फोनने काही होत नाही असे वाटले तरी तेच मूल त्याच जागी पुन्हा दिसल्यावर पुन्हा फोन करावा. नोंदी साचल्या की यंत्रणेला ते टाळणे कठीण जाते. मुलाला स्वतः गाडीत बसवून कोठेही नेऊ नये.

जो नीट मागूही शकत नाही

फाटके कपडे, स्वतःशी बोलणे, दिलेली नोटसुद्धा हातात न धरणे, असा माणूस पैशाने सावरत नाही. मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या, मानसिक आजारामुळे भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेण्याचे कर्तव्य पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे आहे, आणि तिला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. गोव्यात त्यासाठी बांबोळीची मनोविकार संस्था आहे. म्हणून ११२ ला फोन करताना ‘भिकारी त्रास देतो आहे’ अशी तक्रार करू नये. ‘आजारी माणूस रस्त्यावर आहे, त्याला उपचारांची गरज आहे’ असे सांगावे. शब्द बदलला की पुढची कारवाईही बदलते. रस्त्यावरच्या बेघरांना उचलून आसरा देण्याचे काम स्ट्रीट प्रोव्हिडन्स ही गोव्यातील संस्थाही करते.

पगार न मिळालेला कामगार

झारखंड, ओडिशा किंवा उत्तर कर्नाटकातून बांधकामावर आणलेला कामगार ठेकेदाराशी बिनसले की रिकाम्या हाताने रस्त्यावर येतो. त्याला जेवण द्यावे, फोन लावून द्यावा, पण लगेच गावचे तिकीट काढून देण्याची घाई करू नये, कारण तो निघून गेला की त्याची थकलेली मजुरीही बुडते. पणजीला पाटो येथील श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. तेथे तक्रार लिहून देण्यास मदत करावी. ठेकेदाराचे नाव, कामाची जागा आणि किती दिवस काम केले, एवढे मराठीत किंवा हिंदीत लिहून दिले तरी त्याचे मोठे काम होते.

दारावर आणि फोनवर

पावतीपुस्तक घेऊन दारी येणाऱ्याला उंबऱ्याबाहेरच ठेवावे. देवस्थानाच्या नावाने वर्गणी मागत असेल तर त्या देवस्थानाच्या ओळखीच्या महाजनाला (वंशपरंपरागत सभासदाला) फोन करून विचारावे. अनाथालयाचे नाव सांगत असेल तर पत्ता घेऊन ‘मी स्वतः येऊन देईन’ असे सांगावे. संस्थेला २००० रुपयांहून अधिक रक्कम रोख दिली तर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, म्हणून मोठी देणगी धनादेशाने किंवा खात्यावरच द्यावी.

फोनवर मागणारा मित्राचे नाव आणि फोटो वापरत असेल तर त्या मित्राला त्याच्या जुन्या क्रमांकावर फोन करून आवाज ऐकावा, संदेशावर विश्वास ठेवू नये. पैसे मिळण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही आणि कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘तुमच्या खात्यात चुकून पैसे आले, परत पाठवा’ असे कोणी म्हणाले तर त्याला त्याच्या बँकेमार्फत यायला सांगावे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

कायदा काय म्हणतो

गोव्यात भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९७२ चा आहे, आणि रेल्वे कायद्याचे कलम १४४ गाडीत व स्थानकात भीक मागण्यास मनाई करते. दुसरीकडे, दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये तेथे लागू असलेल्या अशाच कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये हा सामाजिक-आर्थिक प्रश्न असल्याचे सांगून भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश देण्यास नकार दिला. तुम्ही कोणाला खाऊ घातले किंवा तिकीट काढून दिले म्हणून संकोच बाळगण्याचे कारण नाही. मात्र, मागणाऱ्याला दरडावण्याचा किंवा हाकलण्याचा अधिकार या कायद्यांनी तुम्हाला दिलेला नाही, हेही लक्षात ठेवावे.

नाही म्हणायचे असेल तर

नाही म्हणण्याची वेळ देण्यापेक्षा अधिक वेळा येते, म्हणून तीही नीट निभवावी. डोळ्यांना डोळे भिडवून ‘मावशी, आज जमणार नाही’ एवढेच म्हणावे. सुटे नाहीत असे खोटे सांगू नये. समोरच्याला ते लगेच कळते. ‘धडधाकट आहेस, काम कर’ हे वाक्य तर कधीच उच्चारू नये. त्याचा आजार, त्याला मिळालेले नकार आणि त्याने शोधलेली कामे आपल्याला ठाऊक नसतात. पाठोपाठ कोणी येतच राहिले तर जवळच्या दुकानात शिरावे, आवाज चढवू नये.

घरची मुले बरोबर असतील तर नंतर त्यांना कारण सांगावे: आज का दिले, काल का दिले नाही. मुलांना आपला निर्णय पटलाच पाहिजे असे नाही, परंतु तो विचार करून घेतला होता हे त्यांना दिसायला हवे.

तोच माणूस रोज भेटत असेल तर

काही चेहरे अनोळखी राहत नाहीत. बाजाराच्या त्याच कोपऱ्यावर वर्षभर बसणाऱ्या आजीला रोज दहा रुपये देणे चालू ठेवावेच, पण एखाद्या दिवशी तिच्याजवळ टेकून तिचे नाव, गाव, घरी कोण आहे आणि कोणती कागदपत्रे आहेत हे विचारावे. ती गोव्यात अनेक वर्षे राहत असेल, तर दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठ नागरिकांना दरमहा २००० रुपये मिळतात. तिचा अर्ज अनेकदा रहिवासी दाखल्यापाशी किंवा बँक खात्यापाशीच अडलेला असतो. पंचायतीत किंवा मामलेदार कार्यालयात बरोबर जाणारा एक माणूस मिळाला तर तो मार्गी लागू शकतो. राहायला जागाच नसेल तर गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली प्रोव्हेदोरिया, म्हणजे सार्वजनिक साहाय्य संस्था, वृद्धाश्रम चालवते. तेथे चौकशी करता येते. आजीला तेथे जायचे नसेल तर आग्रह करू नये. अर्ज भरताना तिच्या कागदांच्या दोन छायाप्रती काढाव्यात, एक तिच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत द्यावी, आणि अर्जाच्या पोचपावतीचा क्रमांक आपल्या वहीत लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या महिन्यात कार्यालयात चौकशीला जाताना तो हाताशी असेल.